आई-बाबांना घेऊन ब्रेला जाताय? आधी एवढं वाचा

डब्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत मे ते सप्टेंबर हा आई-बाबांच्या मुक्कामाचा काळ. ते आले की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणतं, "यांना ब्रेला घेऊन जा." ब्रे म्हणजे डब्लिनच्या दक्षिणेला साधारण २० किलोमीटरवर, विकलो काउंटीतलं समुद्रकाठचं गाव. लांबच लांब चौपाटी, तिच्या एका टोकाला थेट समुद्रात उतरलेली टेकडी, आणि उन्हाळ्यात पाळणे, आइस्क्रीम, पोरांचा कल्ला. १८५४ साली इथे रेल्वे पोचली आणि मच्छीमारांच्या छोट्या वस्तीचं रूप पालटलं. रेल्वे कंत्राटदार विल्यम डार्गन यांनी गावात पैसा ओतला, हॉटेलं उभी राहिली आणि लोक ब्रेला इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या सहलीच्या शहरावरून 'आयर्लंडचं ब्रायटन' म्हणू लागले.

मी आई-बाबांना पहिल्यांदा नेलं ते दुपारी अडीच वाजता, घरी पोटभर जेवून. आईच्या पायात साधी सपाट चप्पल, बाबांच्या अंगात पातळ स्वेटर. चौपाटीवर पोचेपर्यंत वारा सुटला होता आणि टेकडीकडे बघून बाबा म्हणाले, "आता कुठे वर चढतोस?" आम्ही चहा पिऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला सकाळी निघालो, आधी टेकडी आणि मग चौपाटी असा क्रम ठेवला, आणि तो दिवस आई अजून फोनवर मावशीला सांगते. तुमचा पहिलाच दिवस तसा व्हावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

१. व्हिसा: सुरुवात मुंबई-पुण्यातूनच

आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. युरोपच्या सहलीसाठी काढलेल्या शेंगेन व्हिसावर डब्लिनला उतरता येत नाही. दरवर्षी कोणीतरी या गैरसमजात असतं, म्हणून हे सगळ्यात आधी.

आई-बाबांना 'सी' प्रकारचा, म्हणजे जास्तीत जास्त ९० दिवसांचा व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, शेवटी येणारा सारांश छापून त्यावर सही करायची आणि कागदांसह व्हिसा केंद्रात जमा करायचा. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. सुट्टीच्या हंगामात वेळ लागतो, तेव्हा खिडकी उघडली की लगेच करा.

कागदपत्रं अशी:

- परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने चालणारा पासपोर्ट, आणि जुने पासपोर्ट असतील तर तेही
- सही केलेला अर्जाचा सारांश आणि फोटो
- का येतोय, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार हे सांगणारं पत्र
- गेल्या सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शन किंवा उत्पन्नाचे कागद
- तुमचं निमंत्रणपत्र, तुमच्या पासपोर्टची आणि आयरिश रेसिडेन्स परमिटची प्रत, पगाराच्या पावत्या, घराचा पुरावा
- तुम्ही त्यांचेच अपत्य आहात याचा पुरावा, म्हणजे जन्मदाखला
- प्रवासी आरोग्य विमा
- भारतात परतण्याची कारणं दिसतील असे कागद: घर, जमीन, दुसरी मुलं, नोकरी किंवा व्यवसाय

इथे मराठी माणसाची हमखास अडचण होते. गावाकडचा जुना जन्मदाखला आणि सातबारा मराठीत असतो. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित भाषांतर जोडावं लागतं. माझा जन्मदाखला हाताने लिहिलेला, त्यात आईचं नाव घरात हाक मारायचो तेच टाकलेलं आणि पासपोर्टवर वेगळं. शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून जोडलं. अर्ज भरायच्या महिनाभर आधी नावांची स्पेलिंगं सगळ्या कागदांवर ताडून बघा.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका. आणि उत्तर आयर्लंड, म्हणजे बेलफास्ट किंवा पोर्टरश, युनायटेड किंग्डममध्ये येतं. रस्त्यावर सीमा दिसत नाही, बसमध्ये कोणी थांबवत नाही, पण परवानगी वेगळी लागते. भारतीयांना ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेखाली एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, मात्र व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा हवा आणि ज्या देशाने व्हिसा दिला तिथेच आधी उतरायला हवं. ब्रे आयर्लंड प्रजासत्ताकात आहे, त्यामुळे या दिवसापुरता प्रश्न येत नाही.

२. दिवस कोणता निवडायचा

जूनच्या अखेरीस इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात दुपारी चारनंतर अंधार. म्हणून मे ते ऑगस्ट उत्तम, आणि त्यातही मे माझा आवडता. का ते टेकडीच्या भागात सांगतो.

हवामान खात्याचं, म्हणजे 'मेट एरन'चं अ‍ॅप घ्या आणि आदल्या रात्री पाऊस बघण्याआधी वारा बघा. इथला पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नाही, भुरभुरतो आणि जातो. दिवस बिघडवतो तो वारा. पूर्वेकडून जोरात वाहत असेल तर चौपाटीवर उभं राहवत नाही.

मे, जून आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारी गर्दी तर असतेच, शिवाय रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवून बस सोडतात. निघण्याआधी आयरिश रेलच्या संकेतस्थळावर बघून घ्या. उन्हाळ्यात विमानांच्या कसरतींचा मोठा कार्यक्रमही ब्रेला होतो. तो बघायचाच असेल तर जरूर जा, पण साठीच्या पुढची मंडळी सोबत असतील तर तो शनिवार-रविवार टाळा, कारण परतीच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते.

३. पिशवीत काय घ्यायचं

टोपीवालं वारा-पाऊस अडवणारं जाकीट प्रत्येकाला एक. छत्री घरीच ठेवा, वाऱ्यात ती उलटी होते. पकड असलेले बूट हवेतच, कारण ब्रेचा किनारा बराचसा गोट्यांचा आहे, जुहू किंवा गणपतीपुळ्यासारखी मऊ वाळू नाही. पातळ तळव्याच्या चपलेत गोटे टोचतात आणि घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. थर्मासमध्ये चहा, थोडी सुटी नाणी, औषधं, आणि बसायला एक जाडसर चादर. ऊन कोवळं वाटलं तरी जूनमध्ये सनस्क्रीन लावा. बाबांचं नाक भाजून निघालं होतं.

४. लीप कार्ड आणि डार्ट

ब्रेला जायचा सरळ रस्ता म्हणजे डार्ट, डब्लिनच्या किनाऱ्याने धावणारी विजेवरची लोकल. शहरात कॉनोली, टारा स्ट्रीट किंवा पिअर्सला चढा. पाऊण तासात ब्रे.

लीप कार्ड म्हणजे रिचार्ज करायचं प्रवासाचं कार्ड. कागदी तिकिटापेक्षा ते स्वस्त पडतं आणि दुकानात मिळतं. आई-बाबा चार-सहा दिवसांसाठीच आले असतील तर व्हिजिटर लीप कार्ड बघा. त्याचे तास पहिल्यांदा टेकवल्यापासून मोजले जातात, म्हणून संध्याकाळी उगीच एका स्टॉपसाठी ते सुरू करू नका.

साध्या लीप कार्डाचा नियम आई-बाबांना नीट समजावून सांगा: प्रत्येकाचं कार्ड वेगळं, डार्टमध्ये चढताना टेकवायचं आणि उतरल्यावरही टेकवायचं. उतरताना विसरलात तर सगळ्यात जास्त भाडं कापलं जातं. आमच्याकडे आईचं तसं झालं. स्टेशनचं फाटक उघडंच होतं, ती सरळ बाहेर पडली आणि मी पुढे बाबांशी बोलत होतो. आता मी शेवटी उभा राहतो आणि दोघांनी टेकवलं की मगच बाहेर पडतो.

बसने जायचं तर ई-१ आहे, पण वेळ जास्त लागतो आणि समुद्र दिसत नाही. बसमध्ये रोख द्यायची तर फक्त नाणी चालतात, नोट घेत नाहीत. गाडी भाड्याने घेणार असाल तर एक सापळा लक्षात ठेवा: डब्लिनच्या बाहेरून जाणाऱ्या एम-५० रस्त्यावर टोलनाकाच नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत तुम्ही ऑनलाइन पैसे भरायचे. नाही भरले तर दंड चढत जातो.

आता गाडीत बसायचं कुठे? जाताना तोंड ब्रेकडे करून डाव्या बाजूला. सँडिमाउंट, बूटर्सटाउन गेलं की समुद्र अगदी रुळाला चिकटतो. डन लिअरीपर्यंतचा हा मार्ग १८३४ साली सुरू झाला, तो आयर्लंडचा पहिला रेल्वेमार्ग. (डन लिअरीचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा संबंध लावायला जाऊ नका, उद्घोषणा ऐका.) डॉकी सोडून गाडी बोगद्यातून बाहेर आली की एकदम खाली किलायनीचा अर्धवर्तुळाकार उपसागर उघडतो आणि समोर दूरवर ब्रेची टेकडी दिसते. त्या क्षणी आई-बाबांना मोबाइलमधून डोकं वर काढायला सांगा.

ब्रे स्टेशनचं पूर्ण नाव ब्रे डेली. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांनी ज्यांना गोळ्या घातल्या त्या एडवर्ड डेली यांच्या नावावरून ते १९६६ साली ठेवलं गेलं. कॉनोली आणि पिअर्स स्टेशनांचंही तसंच. बाबांना ही गोष्ट फार भावली, हुतात्मा चौकाच्या शेजारी उभ्या आयुष्याची नोकरी झाली आहे त्यांची.

५. आधी टेकडी

स्टेशनातून समुद्राच्या बाजूला निघालात की चौपाटी. ती उजवीकडे, दक्षिणेला सुमारे दीड किलोमीटर सरळ जाते. टोकाला ब्रे हेड ही २४१ मीटर उंचीची टेकडी, आणि माथ्यावर १९५० साली उभारलेला क्रूस.

तुमच्यासमोर तीन पर्याय आहेत. सोबतच्या माणसांचे गुडघे बघून ठरवा.

पहिला, क्रूसापर्यंत चढणं. चौपाटीच्या टोकापासून वाट आहे, मध्यम चालीने पाऊण तास धरा. उंची सिंहगडाच्या मानाने काहीच नाही, पण मधला टप्पा उभा आहे आणि तिथे मुळं आणि सुटे दगड आहेत. चढण्यापेक्षा उतरताना जपायला लागतं. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी सोडून द्या. वर पोचलात की उत्तरेला डब्लिनचा उपसागर आणि पश्चिमेला शुगरलोफची टोकदार टेकडी दिसते.

आई अर्ध्यावरच थांबली. तिथे सगळीकडे गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी भरली होती. ती वाकली, एक फूल बोटांत चुरगाळलं आणि म्हणाली, "अरे, हा तर खोबऱ्याचा वास." खरंच तसा येतो. ऊन तापलं की अख्ख्या उतारावर ओलं खोबरं खवल्यासारखा वास पसरतो. मे महिना मला आवडतो तो यासाठी. फूल तोडताना काट्यांपासून बोटं सांभाळा.

दुसरा पर्याय, कड्यावरची वाट. ही ब्रेहून ग्रेस्टोन्सपर्यंत सुमारे सात किलोमीटर, टेकडीच्या कमरेवरून, खाली रूळ आणि त्याखाली समुद्र. चढ सौम्य आहे. पण दरडी कोसळल्यामुळे अलीकडच्या वर्षांत ही वाट बंद ठेवावी लागली आहे, तेव्हा विकलो काउंटी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी स्थिती बघा. बंदची पाटी असेल तर कुंपण ओलांडून जाणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. ब्रेकडचा सुरुवातीचा तुकडा खुला असेल तर तेवढाच चालून परत या. कड्यावर समुद्रपक्ष्यांची घरटी आहेत आणि खाली पाण्यात कधी सीलचं काळं डोकं वर येतं.

तिसरा पर्याय मी सत्तरीच्या माणसांना आवर्जून सुचवतो: ब्रेहून पुन्हा डार्ट पकडा आणि पुढच्याच स्टेशनला, ग्रेस्टोन्सला उतरा. दहाएक मिनिटांचा प्रवास. हा मार्ग इंग्रज अभियंता इसाम्बार्ड ब्रुनेल यांनी आखला. बोगद्यामागून बोगदा, आणि मध्ये खिडकीखाली सरळ पाणी. आपल्या खंडाळ्याच्या घाटात दरीऐवजी समुद्र असावा तसं. सगळ्या गाड्या ग्रेस्टोन्सला जात नाहीत, काही ब्रेलाच संपतात, म्हणून फलाटावरचा बोर्ड बघूनच चढा.

६. जेवण, आणि शाकाहारी मंडळींसाठी इशारा

चौपाटीवरचं खाणं म्हणजे मासा आणि चिप्स. अशा दुकानाला इथे 'चिपर' म्हणतात. बटाट्याचे जाड काप, वर मीठ आणि व्हिनेगर. व्हिनेगर विचारूनच घालतात, आधी थोड्यावर चाखून बघा.

आई-बाबा शाकाहारी असतील तर चिप्स घेण्याआधी तळायला काय वापरता हे विचारा. काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, आणि बऱ्याचदा मासे आणि बटाटा एकाच कढईत. आम्ही एका दुकानात न विचारता घेतलं, आईचं खाऊन झाल्यावर पाटी दिसली. तिने काही म्हटलं नाही, पण दिवसभर ती गप्प होती आणि मला ते फार लागलं. विचारायला एक वाक्य पुरतं. काउंटरवरची माणसं सरळ उत्तर देतात, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. मनाची खात्री नसेल तर घरून थालीपीठ आणि लोणचं न्या. चौपाटीलगतच्या हिरवळीवर चादर टाकून खुशाल बसा.

सीगल पक्ष्यांना मात्र हलक्यात घेऊ नका. मांजराएवढे असतात आणि मागून येतात. बाबांनी हातातला पुडा उघडा धरला होता. पंखांचा एक फटका, आणि मासा गेला. भिंतीकडे पाठ करून बसा, पुडा अर्धाच उघडा ठेवा, आणि पोरांना त्यांना खायला घालू देऊ नका.

पबमध्ये जेवायला कुटुंबासकट जाता येतं, पण मुलांना रात्री नऊपर्यंतच बसता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत.

७. पाण्यात उतरायचं असेल तर

आयरिश समुद्राचं पाणी भर ऑगस्टमध्येही १५ अंशांच्या आसपास असतं. अलिबागच्या अंदाजाने उडी मारली तर श्वास अडकतो. हळूहळू उतरा, आधी मनगटं आणि मान भिजवा, पाच-दहा मिनिटांत बाहेर या आणि लगेच कोरडे कपडे घाला. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात तेव्हा लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहा. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर पाणी दूषित असल्याची सूचना लागते. किनाऱ्यावरचा फलक वाचा. कोणी अडचणीत दिसलं तर ११२ लावा आणि कोस्ट गार्ड मागा.

आई-बाबांना बहुधा नुसते पाय बुडवायचे असतात. त्यासाठी बूट काढून गोट्यांवरून चालताना त्यांचा हात धरा. आणि एकदा गप्प उभं राहून ऐका. लाट मागे सरते तेव्हा हजारो गोटे तिच्याबरोबर खळखळत ओढले जातात. बाबा म्हणाले, "परातीत हरभरे पाखडल्यासारखं वाटतंय."

८. चौपाटीवरची संध्याकाळ

चारनंतर टेकडी उतरून आलात की घाई संपली. पोरं असतील तर उन्हाळ्यात पाळणे लागतात. नाणी टाकून खेळायची यंत्रंही आहेत; तिथे जाण्याआधी प्रत्येकाच्या हातात ठरावीक नाणी द्या, नाहीतर वीस युरो कधी गेले कळत नाही. मोठ्यांना 'नाइंटी-नाइन' घेऊन द्या, म्हणजे कोनातलं मऊ आइस्क्रीम आणि त्यात खोचलेली चॉकलेटची कांडी.

मग उत्तरेकडच्या बंदराकडे रमतगमत चाला. तिथल्या मार्टेलो टेरेसमधल्या पहिल्या क्रमांकाच्या घरात लहानपणी आयरिश कादंबरीकार जेम्स जॉईस राहायचा, १८८७ पासूनची काही वर्षं. घर खासगी आहे, बाहेरूनच बघा. बंदरात हंस असतात, भरपूर. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बॉक्सिंगचं सुवर्णपदक जिंकणारी केटी टेलरही याच गावची.

बाकांवर ओळख नसलेले लोक हवेवरून बोलायला सुरुवात करतात. आई-बाबांना इंग्रजीची धास्ती असेल तरी उठवून नेऊ नका. एका आजीबाईंनी माझ्या आईच्या साडीचा काठ हातात घेऊन पाहिला आणि दोघी अर्धा तास बोलत होत्या, अर्धं मराठीत.

९. परतताना

सहाच्या सुमाराची गाडी भरलेली असते, सात-साडेसातला निवांत बसायला मिळतं. ब्रेहून उत्तरेला जाणारी डार्ट पुढे एकतर हाउथला जाते किंवा मालाहाइडला. तुमचं स्टेशन शहरातलं असेल तर कुठलीही चालेल, पण त्यापलीकडे राहत असाल तर फाटा हाउथ जंक्शनला आहे हे लक्षात ठेवून बोर्ड बघा. या वेळी समुद्र उजवीकडे असतो, तेव्हा आई-बाबांना त्या बाजूच्या खिडक्या द्या. आणि उतरल्यावर तिन्ही लीप कार्डं टेकवली का, ते मोजा.